४१३१०२ व ४१३१०६ : संख्या आणि संज्ञा

बारामती येथील टपाल कचेरीचा क्रमांक ४१३१०२ हा आहे आणि इंदापूरचा ४१३१०६. पुणे जिल्ह्यातील या दोन शेजारी तालुक्यांच्या गावांना हे क्रमांक कसे मिळाले, हा टपाल खात्याच्या व्यवस्थेचा प्रश्न होय. परंतु क्रमांक एकदा मिळाला की तो एक पूर्णांकही असतो. आणि पूर्णांक समोर आला की त्याचे अवयव पाडून पाहण्याचा मोह गणिताच्या अभ्यासकास आवरत नाही. तो मोह आधी पुरा करून घ्यावा, आणि मग असे विचारावे की, संख्येच्या इतक्या गुणधर्मांपैकी पत्र योग्य गावी पोहोचण्याच्या कामी नेमका कोणता गुणधर्म येतो? प्रस्तुत लेखाचा खरा विषय हा दुसरा प्रश्न आहे.

बारामतीचा क्रमांक सम आहे, म्हणून ४१३१०२ = २ × २०६५५१. यापुढे मात्र अवयव पडत नाहीत. २०६५५१ चे वर्गमूळ ४५४ हून किंचित अधिक आहे. त्यामुळे ४५४ पर्यंतच्या ८७ मूळ संख्यांनी भागून पाहिले म्हणजे निर्णय होतो. भागाकार कंटाळवाणे आहेत, पण अवघड नाहीत, आणि एकही निःशेष जात नाही. तेव्हा २०६५५१ ही मूळ संख्या ठरते. ४१३१०२ ला १, २, २०६५५१ आणि स्वतः एवढेच चार विभाजक आहेत. तिच्याहून लहान व तिच्याशी सामाईक अवयव नसलेल्या संख्या २०६५५० आहेत. शिवाय २०६५५१ ला ४ ने भागल्यास बाकी ३ उरते. ज्या संख्येत अशा मूळ अवयवाचा घात विषम असतो, ती दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येत नाही. तेव्हा बारामतीचा क्रमांक दोन वर्गांत फोडण्याचा खटाटोप व्यर्थ होय.

केवळ ४ ने पुढे असलेली इंदापूरची संख्या अगदी वेगळ्या घडणीची आहे. ४१३१०६ = २ × ३ × ३१ × २२२१, आणि २२२१ ही मूळ संख्या आहे. येथे विभाजक सोळा होतात. स्वतः संख्या वगळून उरलेल्या पंधरा विभाजकांची बेरीज ४४०१४२ येते, म्हणजे मूळ संख्येपेक्षा अधिक. ग्रीकांच्या काळापासून चालत आलेल्या वर्गीकरणाप्रमाणे ही विपुल संख्या झाली. बारामतीच्या संख्येची तीच बेरीज २०६५५४ एवढीच भरते, म्हणून ती न्यून संख्या. यावरून इंदापूरकरांनी फार हुरळून जाण्याचे कारण नाही, कारण ६ हून मोठी असलेली ६ ची प्रत्येक पट विपुलच असते. शेजारच्या अकलूजचा क्रमांक ४१३१०१ हा १३ × ४३ × ७३९ असा फुटतो. एकाला एक लागून असलेल्या पूर्णांकांच्या अवयवांत परस्परांचे काहीच साम्य नसावे, ही संख्याशास्त्रातील नित्याची गोष्ट आहे. चार लाखांच्या आसपास सरासरीने दर तेरा संख्यांमागे एक मूळ संख्या आढळते. पण ती कोठे आढळेल, हे सरासरी सांगत नाही.

याहून निराळ्या जातीचा एक गुणधर्म देवळालीचे शाळाशिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी अभ्यासिला. एखादी संख्या घ्यावी व तीत तिच्याच अंकांची बेरीज मिळवावी. जी संख्या निपजेल तिची पहिली संख्या ही जनक होय. ४१३०८३ च्या अंकांची बेरीज १९, म्हणून ती बारामतीच्या ४१३१०२ ची जनक ठरते. ४१३०८५ च्या अंकांची बेरीज २१, म्हणून ती इंदापूरच्या ४१३१०६ ची. ज्या संख्येस असा जनकच नाही तिला कापरेकरांनी स्वयंभू म्हटले. आता ४१३१०५ चा जनक शोधू लागल्यास काय होते? ४१३०८० ते ४१३०८९ या दशकातील संख्यांपासून ४१३०९६, ४१३०९८ अशा समच संख्या निघतात. त्याआधीच्या दशकातील संख्या ४१३१०३ च्या पुढे जात नाहीत, आणि त्यापुढच्या दशकातील ४१३१०७ च्या अलीकडे येत नाहीत. सारांश, ४१३१०५ ला जनक नाही. बारामती व इंदापूर यांच्या क्रमांकांच्या मधोमध, अगदी इंदापूरच्या उंबरठ्यावर, एक स्वयंभू संख्या बसलेली आहे. दशमान पद्धतीत अशा संख्या दर दहांमागे सुमारे एक आढळतात, तेव्हा यात चमत्कार काही नाही. तरीही ती तेथे सापडल्याचा आनंद कापरेकरांना निश्चित झाला असता.

अवयव आणि जनक या दोन गुणधर्मांत एक तात्त्विक भेद आहे. ४१३१०२ ही संख्या दशमान पद्धतीत लिहा, द्विमान पद्धतीत लिहा किंवा तितके खडे मोजून ठेवा. तिचे विभाजक चारच राहतील. अवयव हा राशीचा धर्म आहे. स्वयंभूत्व हा मात्र लेखनाचा धर्म आहे. आधार बदलला की तो टिकेलच असे नाही. याच कारणासाठी अंकांवर आधारलेल्या गणिताकडे काही पंडित करमणूक म्हणून पाहत आले आहेत. परंतु टपालाच्या क्रमांकाच्या बाबतीत हा तुच्छभाव उपयोगाचा नाही. पाकिटावरचा ४१३१०२ हा चार लाख तेरा हजार एकशे दोन या राशीचा वाचक नसतोच. त्या पाकिटाशी चार लाख कशाचाही संबंध नाही. तो सहा चिन्हांचा, डावीकडून उजवीकडे वाचावयाचा एक शब्द आहे. त्याच्या बेरजेस, फरकास वा अवयवांस अर्थ नाही. अर्थ आहे तो केवळ अंकांच्या स्थानांस.

ही रचना १५ ऑगस्ट १९७२ रोजी अमलात आली. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्रीय दळणवळण मंत्रालयात अतिरिक्त सचिव होते आणि संस्कृत कवी व नाटककार म्हणूनही त्यांचा लौकिक होता. देशात एकाच नावाची अनेक गावे आणि पत्ते लिहिण्याच्या अनेक लिप्या, या अडचणींवर हा उपाय होता. पहिला अंक देशाचा विभाग दाखवितो. असे प्रादेशिक विभाग आठ असून ९ हा अंक सेनादलाच्या टपालासाठी राखलेला आहे. दुसरा अंक उपविभागाचा, तिसऱ्याने टपालाच्या छाननीचा जिल्हा ठरतो, आणि शेवटचे तीन अंक त्यातील वाटपाच्या कचेरीचे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. छाननीचा जिल्हा आणि महसुली जिल्हा हे एक नव्हेत. ४१३ हा आरंभ सोलापूरचा आहे. सोलापूर शहराचा क्रमांक ४१३००१. बारामती, इंदापूर आणि दौंड (४१३८०१) ही गावे कलेक्टरच्या दप्तरी पुण्याची, पण टपालाच्या दप्तरी ती सोलापूर, पंढरपूर (४१३३०४), बार्शी (४१३४०१) व लातूर (४१३५१२) यांच्या पंक्तीस बसतात. उलट पुणे जिल्ह्यातील जुन्नरचा क्रमांक ४१०५०२, पुणे शहराचे ४११ ने आरंभ होणारे आणि सासवडचा ४१२३०१. गणिताच्या भाषेत, गावांच्या एकाच संचाची ही दोन भिन्न विभाजने आहेत, आणि त्यांपैकी कोणतेही दुसऱ्याचे सूक्ष्म रूप नाही : एका महसुली जिल्ह्यात अनेक आरंभ सापडतात आणि एका आरंभात अनेक जिल्हे.

या रचनेतून अंतराची एक कल्पना आपोआप उभी राहते. दोन क्रमांकांचे पहिले क अंक समान असून त्यापुढचा अंक भिन्न असेल, तर त्यांचे अंतर (१/१०)^क मानावे. बारामती व इंदापूर यांचे पहिले पाच अंक समान, म्हणून अंतर ०.००००१. बारामती व अकलूज यांचेही तेवढेच. पूर्णांक म्हणून एक फरक ४ चा व दुसरा १ चा असला, तरी या मापात त्याची दखल नाही. बारामती ते लातूर अंतर ०.००१ येते, आणि बारामती ते सासवड ०.०१. सासवड बारामतीच्याच जिल्ह्यात व साठ-पासष्ट किलोमीटरांवर, लातूर दोनशेंच्या पलीकडे; तरी टपालाच्या या भूगोलात लातूरच दहापट जवळ.

हे अंतर सर्वसामान्य त्रिकोण-असमानतेहून कडक नियम पाळते. पहिल्या व दुसऱ्या शब्दाचे आरंभीचे क अंक समान असतील आणि दुसऱ्या व तिसऱ्याचे ख, तर पहिल्या व तिसऱ्याचे निदान क व ख यांपैकी लहान असेल तितके तरी समान असलेच पाहिजेत. म्हणून त्रिकोणाची कोणतीही बाजू उरलेल्या दोहोंपैकी मोठ्या बाजूहून मोठी असू शकत नाही, आणि यावरून प्रत्येक त्रिकोण समद्विभुज ठरतो. बारामती, इंदापूर आणि सासवड घ्या : बाजू ०.००००१, ०.०१ व ०.०१. कुर्ट हेन्सेल याने १८९७ मध्ये मांडलेल्या प-आदिक संख्यांच्या अंतरास हाच नियम लागू पडतो. तेथे जवळीक उजवीकडच्या अंकांवरून मोजतात, येथे डावीकडच्या. छाननीच्या कामास ही रचना फार सोयीची आहे. पुण्याहून दूर कोठेतरी टपाल वेगळे करणाऱ्यास पहिले तीन अंक पुरतात. बारामती व इंदापूर यांतील भेद पाहण्याची त्याला गरजच पडत नाही. तो भेद टपाल सोलापूरच्या वाटेस लागल्यावर कोणीतरी पाहावयाचा.

आणि नेमकी येथेच रचनेची दुबळी बाजू उघडी पडते. बारामतीच्या पत्त्यावर २ च्या जागी ६ लिहिला गेला तर काय होईल? ४१३१०६ हाही तितकाच वैध क्रमांक आहे. क्रमांकापुरते पाहिले तर चूक झाली, असे सांगणारी एकही खूण त्यात नाही. रिचर्ड हॅमिंग याने १९५० च्या आपल्या निबंधात दोन समलांबीच्या शब्दांतील भिन्न स्थानांची संख्या मोजण्याची पद्धत घालून दिली. एका स्थानावरील चूक ओळखू यावी म्हणून कोणत्याही दोन वैध शब्दांत निदान दोन स्थानांचा फरक असावा लागतो. बारामती-इंदापूर यांच्यात तो एकच आहे. मग प्रवेशाचे पत्र असो, नेमणुकीचे असो वा मनिऑर्डर असो, ती शेजारच्या तालुक्यास जाऊन परत येईपर्यंत मुदत टळून जाण्याचा संभव राहतो.

अंकांची अदलाबदल हा दुसरा प्रमाद. ४१३१०२ मधील १ व ३ यांची जागा बदलली की आरंभ ४३१ होतो, आणि पाकीट छत्रपती संभाजीनगरच्या वाटेस लागते. ४ व १ यांची बदलली तर १४३, म्हणजे अमृतसर. मात्र ही दुसरी चूक मोठी दिसत असली तरी कमी धोक्याची आहे, कारण बारामतीचे नाव वाचून कोणीही ती तत्काळ ओळखील. शेवटच्या अंकाची चूक त्याच परिसरात, त्याच पिशवीत दडून राहते.

आता असे कोणी म्हणेल की, पहिला अंक १ ते ९ धरला तरी सहा अंकी संख्या ९,००,००० होतात; त्यांपैकी वापरात आहेत सुमारे १९,०००, म्हणजे शंभरांत दोन. तेव्हा बहुतेक चुका रिकाम्या क्रमांकावर पडून उघडकीस येतील. हा युक्तिवाद फसवा आहे. वापरातील क्रमांक विखुरलेले नाहीत, ते पुंजक्यांनी वसले आहेत. ४१३१ या आरंभात ओळीने क्रमांक भरले आहेत, आणि रिकामी जागा आहे ती दूर, जेथे चुकून जाण्याचा प्रसंग क्वचितच येतो. ९०,००० शब्द असे निवडता येतात की ज्यांत प्रत्येक दोहोंत निदान दोन स्थानांचा फरक राहील : पहिले पाच अंक मोकळे ठेवून सहावा त्यांच्यावरून ठरवावा. १९,००० क्रमांकांसाठी ही जागा चौपटीहून अधिक आहे. मग हा मार्ग का घेतला गेला नसावा? त्याची किंमत पाहिली म्हणजे उलगडा होतो. सहावा अंक ताळ्यास दिला तर तीन अंकी आरंभामागे शंभरच कचेऱ्या मावतील, हजार नव्हेत. स्थानांची सुबोध उतरंड आणि चुकीपासून संरक्षण या दोन गरजा एकाच सहा अंकांवर हक्क सांगतात, आणि १९७२ च्या योजनेने पहिलीच्या बाजूने कौल दिला. जेथे छाननी माणसाच्या डोळ्यांनी व्हावयाची होती, तेथे तो कौल चुकीचा म्हणता येणार नाही.

तरी सातवा अंक जोडला असता तर काय झाले असते, हे पाहणे उद्बोधक आहे. मराठी शाळांतून पूर्वापार शिकविला जाणारा नवाचा ताळा प्रथम आठवतो. ४१३१०२ च्या अंकांची बेरीज ११, तिची पुन्हा २. इंदापूरची १५, म्हणजे ६. क्रमांक ४१३१०२२ व ४१३१०६६ असे झाले असते आणि २ च्या जागी ६ ही चूक तत्क्षणी कळली असती. परंतु या ताळ्यास ० व ९ यांतील फरक दिसत नाही, आणि अदलाबदल तर मुळीच दिसत नाही, कारण बेरजेस क्रम नसतो.

क्रम दिसावा म्हणून स्थानांना भिन्न भार द्यावे लागतात. डावीकडून ७, ६, ५, ४, ३, २ हे भार देऊन गुणाकारांची बेरीज घ्यावी आणि ती ११ ने निःशेष भागली जाण्यास जे कमी पडते तो अंक शेवटी लिहावा. बारामतीची बेरीज २८ + ६ + १५ + ४ + ० + ४ = ५७, म्हणून ताळ्याचा अंक ९. इंदापूरची ६५, म्हणून अंक १. एक अंक चुकला तर बेरीज भार गुणिले फरक इतकी बदलते. दोन्ही ११ हून लहान, आणि ११ ही मूळ संख्या, म्हणून त्यांचा गुणाकार ११ ने भागला जात नाही. अदलाबदल झाली तर बदल होतो तो भारांच्या फरकाचा व अंकांच्या फरकाचा गुणाकार. तोही भागला जात नाही. दोन्ही जातींच्या चुका निरपवाद सापडतात. दहा अंकी ग्रंथक्रमांकांची पद्धती याच तत्त्वावर होती. अडचण एवढीच की, ४१३१०७ ची बेरीज ६७ येते आणि तिला १० कमी पडतात. दहा हा अंक नाही. त्यासाठी अकरावे चिन्ह आणावे लागते.

११ च्या जागी १० घेऊन ही अडचण टाळता येईल का? नाही, आणि न येण्याचे कारण दोन ओळींत सांगता येते. एका अंकाची प्रत्येक चूक सापडावी म्हणून प्रत्येक भार १० शी सामाईक अवयव नसलेला, अर्थात विषम हवा. दोन विषम भारांचा फरक सम असतो. म्हणून ज्या अंकांत ५ चा फरक आहे त्यांची अदलाबदल १० च्या पटीनेच बेरीज बदलते व निसटून जाते. १, ३, १, ३, १, ३ हे भार घेऊन कोल्हापूरचा ४१६००१ तपासला तर बेरीज १६; १ व ६ यांची अदलाबदल करून होणारा ४६१००१ हा मध्य प्रदेशातील नर्मदापुरम्‌चा क्रमांक, त्याची बेरीज २६. ताळा तोच राहतो आणि पत्र नर्मदेकाठी जाते.

हे पाहून कित्येकांनी असा ग्रह करून घेतला होता की, दहाच अंक वापरून दोन्ही जातींच्या चुका पकडणारी पद्धती संभवत नाही. याकोबुस फेरहूफ या डच गणितज्ञाने १९६९ मध्ये तो ग्रह खोटा ठरविला. आपल्या पद्धतीची परीक्षा त्याने हॉलंडच्या टपाल खात्यातील प्रत्यक्ष चुकांवरूनच केली. त्याची युक्ती अशी : दहा घटकांचा चक्रीय गट सोडून नियमित पंचकोनाच्या सममितींचा गट घ्यावयाचा. त्यातही घटक दहाच, परंतु तो क्रमनिरपेक्ष नाही. प्रथम फिरवून मग पालथे घालणे आणि प्रथम पालथे घालून मग फिरविणे यांचे फल वेगळे येते. त्याला अंकांच्या एका योग्य क्रमपालटाची जोड दिली की शेजारच्या अंकांची अदलाबदल लपत नाही. पदव्युत्तर वर्गात क्रमसापेक्ष गटांची उदाहरणे बहुधा केवळ उदाहरणे म्हणून शिकविली जातात. हे एक उदाहरण आज भारतात घरोघरी आहे, कारण आधार क्रमांकाचा बारावा अंक याच रीतीने ठरतो.

टपालाच्या क्रमांकास असा अंक नाही. तरीही पत्रे बहुशः पोहोचतात, याचे कारण क्रमांकात शोधून सापडणार नाही. पाकिटावर क्रमांक एकटा नसतो. त्याच्यासोबत गावाचे नाव असते. महाराष्ट्रात इंदापूर नावाची दोन ठिकाणे ठळक आहेत : एक पुणे जिल्ह्यातील तालुक्याचे, दुसरे रायगड जिल्ह्यात माणगाव तालुक्यात, मुंबई-गोवा रस्त्यावर. नावांत अंतर शून्य. पण रायगडच्या इंदापूरचा क्रमांक ४०२ ने आरंभ होतो, म्हणजे दुसऱ्याच अंकापासून मार्ग निराळे. मालेगाव तर बारामती तालुक्यातही आहे, नाशिक जिल्ह्यातही आणि वाशीम जिल्ह्यातही. त्यांचे आरंभ ४१३, ४२३ व ४४४. उलटपक्षी बारामती व इंदापूर यांच्या क्रमांकांत एकाच अंकाचा भेद, पण नावे अशी की कितीही वाईट अक्षरात लिहिली तरी एकाच्या जागी दुसरे वाचले जाणार नाही. एकाच नावाची गावे बहुधा दूरदूर असतात आणि एकाच आरंभाचे क्रमांक जवळजवळ. म्हणून नाव व क्रमांक ही जोडी एक शब्द मानली, तर तिचे किमान अंतर दोहोंपैकी कोणत्याही एकाच्या किमान अंतराहून पुष्कळ अधिक भरते. क्रमांकाचा ताळा नावात आहे, आणि नावाचा क्रमांकात. हा ताळा यंत्रास मात्र आपोआप दिसत नाही. जेथे यंत्र केवळ सहा अंक वाचते आणि नाव वाचीत नाही, तेथे तो नाहीसा होतो.

२०२५ मध्ये टपाल खात्याने डिजिपिन नावाची दहा चिन्हांची नवी पद्धती जाहीर केली. तीत देशाचा नकाशा सोळा चौरसांत, प्रत्येक चौरस पुन्हा सोळांत, असा दहा वेळा विभागला जातो. शेवटचा चौरस सुमारे चार मीटर बाजूचा उरतो. वर वर्णिलेली आरंभाची उतरंड येथे अधिक शुद्ध स्वरूपात आहे, कारण महसुली वा छाननीच्या जिल्ह्यांचा तीत संबंधच उरलेला नाही. तिच्या दहाही चिन्हांत स्थान भरलेले आहे. अकरावे, ताळ्याचे चिन्ह तीत नाही.